थांबाबाई रांगेत

सरकारी दवाखान्याच्या फाटकावर औषधचोरीविरुद्ध मोर्चा निघाला, त्या दिवशी थांबाबाई साहेबांना फुटली असं सगळे सांगतात. सुरुवातीला बातमी होती की मोठ्या साहेबांनी तिनं गप्प बसावं म्हणून तिला टेबलफॅन दिला. मग टेबलफॅनचा कूलर झाला. आठवडा सरेपर्यंत कूलरचा फ्रीज झाला होता, आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं तर तो हातगाडीवरून येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. "चॉकलेटी रंगाचा. दोन दरवाजांचा. दाराला कुलूपसुद्धा होतं, म्हणजे बघा!"

थांबाबाईच्या घरात फ्रीज नाही. पंखा आहे, तो छताला आहे, आणि चालू करायचा तर झाडूच्या दांड्यानं त्याला आधी ढोसावं लागतं. आणि मोर्चाच्या दिवशी ती साहेबांच्या केबिनमध्ये नव्हती. फाटकावरच्या घोषणा ऐकू येतील इतक्या जवळ, एका भिंतीपलीकडे, ती डोळ्यांच्या ओपीडीच्या रांगेत उभी होती. तिच्याच रांगेत. रोज ती जिथं इतरांना उभं करायची तिथं, पिवळ्या रेषेच्या मागं, बहिणीचा केसपेपर हातात धरून. सोबत तिची बहीण होती आणि भाची होती. भाची म्हणजे मी, पण गोष्ट मावशीची आहे, तेव्हा भाचीनं भाचीच्या जागी राहिलेलं बरं.

थांबाबाई हे नाव तिला रांगेनं दिलं. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर एक लोखंडी स्टूल आहे, त्यावर बसून लोकांना आत सोडणं हे तिचं काम. खरं तर ती बसत नाही. स्टुलावर एक पाय ठेवते आणि आवाज सोडते. "थां-बा!" हा शब्द तिच्या तोंडातून असा निघतो की नुकताच जन्मलेला माणूसही परत आत जाईल. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं. "ओ टोपीवाले, घर आहे का तुमचं? रेषेच्या मागं! डोळा दुखतोय? दुखत नसता तर काय माझं तोंड बघायला आला असतात? ज्याचं दुखतं त्यानंच उभं राहायचं, पिशवी ठेवून नंबर लावायचा नाही! रांग सोडली की नंबर गेला! काका, भिंतीला टेकू नका, भिंत सरकारी आहे!"

लोक तिचा राग राग करायचे. तिलाही लोकांचा राग यायचा. दोघांचा हिशेब चोख होता. भाची घरी या सगळ्याची हुबेहूब नक्कल करायची, स्टुलाच्या जागी पाट घेऊन, डावा खांदा जरा वर काढून, "भिंत" म्हणताना नाकातून. मामा हसून हसून खोकायचा. मावशी म्हणायची, "कर, कर. पोटापाण्याला हेच कामी येणार आहे तुला. अभ्यासात तर उजेडच आहे."

मोर्चा ठरला तो डोळ्यांच्या थेंबांवरून. दवाखान्यात फुकट मिळायचे ते थेंब खिडकीवर कधीच नसायचे. औषधांच्या खिडकीत बसणारा भांडारवाला मान वर न करता म्हणायचा, "शिल्लक नाही." आणि रस्ता ओलांडला की समोरच्या दुकानात तेच थेंब, तीच बाटली, फक्त दवाखान्याचा शिक्का नखानं खरवडलेला. मावशीनं तसली एक बाटली स्वतःच्या बहिणीसाठी विकत आणली. भाचीच्या आईच्या उजव्या डोळ्यावर धुकं आलं होतं. बाटली उलटीसुलटी करून मावशीनं बघितली, खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "चोरी करायची तर निदान नखं तरी वाढवायची मेल्यानं. अर्धा शिक्का दिसतोय."

दुसऱ्या दिवशी कामगारांच्या बैठकीत सगळ्यात मोठा आवाज तिचा होता. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर सगळ्यांचा पुढारी. त्यानं बाटली हातात धरून भाषण केलं आणि शेवटी एक नवीनच टूम काढली. मोर्चा सुरू व्हायच्या आधी प्रत्येकानं फाटकासमोर उभं राहून, देवाला साक्षी ठेवून, शपथ घ्यायची: मी माझ्या कामात कधी कुणाचा हक्क खाल्लेला नाही. "ज्याचे हात स्वच्छ, त्यानंच चोराकडं बोट दाखवायचं! मंजूर?"

"मंजूर!" सगळे ओरडले. ॲम्ब्युलन्समधून शेजाऱ्यांची कपाटं वाहून नेणारा ड्रायव्हर ओरडला, दवाखान्याच्या चादरींचे पडदे शिवलेली आया ओरडली, अर्धा दिवस जिन्याखाली झोपणारा वॉर्डबॉय तर उठून ओरडला. मावशीही ओरडली. आणि घरी येईपर्यंत तिचा आवाज बसला होता. ओरडून बसला नव्हता, हे भाचीला लगेच कळलं. आवाजातलं भाचीला कळतं.

मावशीचा देव कुठं असतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. भिंतीवर तसबीर नाही. तो मोरीतल्या नळाच्या जरा वर असतो, कारण सकाळी भांडी घासताना ती तिकडं मान वर करून बोलते. बोलते म्हणजे रांगेतल्या माणसाशी बोलावं तशी. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळ सोडून सुरू झाली.

"ऐकतोयस ना रे? का तुझीही ड्यूटी संपली? नीट ऐक. पैसे घेतले का मी कुणाकडून? घेतले? एकदा तरी? नाही ना! मग शपथ घ्यायला माझं काय जातं? बिस्किटाचा पुडा घेतला. एकदा. बरं, दोनदा. ते सगळे त्या कार्टीनं खाल्ले."

कार्टी दाराआड उभी होती. तिनं आवाज न करता तोंड पुसलं.

"मग आता असा बघतोस काय? बोल की!" पातेलं स्वच्छ झालं होतं. मावशीनं ते पुन्हा घासायला घेतलं. "हां. कळलं मला कशाकडं बघतोयस. कापूस. कापसाबद्दल विचारतोयस ना?"

आता कापूस म्हणजे काय ते सांगायला हवं. डोळ्यांच्या ओपीडीला पेशंटांसाठी दोन दारं आहेत. एक रांगेचं. दुसरं बाजूचं, पट्टी बांधायच्या खोलीचं, ते आतून डॉक्टरांच्या टेबलापाशीच उघडतं. आमच्या घरातलं कुणी आजारी पडलं की रांगेत उभं राहायचं नाही. बाजूच्या दाराजवळच्या बाकड्यावर जाऊन बसायचं. मावशी आपल्या जागेवरूनच आवाज टाकायची, "सिस्टर, कापूस आला!" आतली सिस्टर दार किलकिलं करायची आणि कापूस आत जायचा. मामाचा डोळा लाल झाला, तो कापूस झाला. मामीला चष्मा हवा होता, मामी कापूस झाली. मामाच्या मानेवर गळू आलं, ते डोळ्यांच्या डॉक्टरांचं कामच नव्हे, पण डॉक्टरांनी ओळखीच्या डॉक्टरकडं चिठ्ठी दिली, तोही कापूस. शेवटी घरात तो शब्दच झाला. मामा फोनवर म्हणायचा, "ताई, उद्या जरा मला कापूस करून घे." आणि पुढच्या आठवड्यात भाचीची आई कापूस व्हायची होती. धुकं वाढत होतं.

"घरच्यांसाठी केलं," मावशी नळाला सांगत होती. "परक्यासाठी केलं का? स्वतःच्या माणसांसाठी मांजरसुद्धा करतं. तुला नाहीत का कुणी घरचे? नसतील. म्हणून तुला कळत नाही." मग ती हळू आवाजात म्हणाली, "ती बाई आठवते ना तुला? पट्टीवाली?"

पट्टीवाली बाई एका डोळ्यावर पट्टी बांधून सकाळपासून उभी होती. तिचा नंबर अगदी दाराशी आला तेव्हा मामा गळू घेऊन बाजूनं आत गेला. डॉक्टर त्याच्याशी गप्पा मारत बसले, वेळ संपली, आणि मावशीनं दार ओढून घेऊन नेहमीचं वाक्य टाकलं: "बंद! उद्या या." ती बाई भांडली नाही. फक्त म्हणाली, "उद्याही मीच का?" आणि निघून गेली. उद्या ती आली नाही. परवाही नाही.

"तिच्या डोळ्याचं काय झालं, ते तुला माहीत असणार," मावशी म्हणाली. "मला सांगू नकोस."

पातेलं चमकत होतं. तिनं ते आपटून पालथं घातलं. "माणसांशी खोटं बोलायचं तर मी रोजच बोलते, डॉक्टर राउंडला गेलेत म्हणून. पण तुला साक्षीला बोलवायचं आणि तुझ्याच तोंडावर थाप मारायची? ते माझ्याच्यानं होणार नाही. आणि मोर्चाला नाही गेले, तर तो भांडारवाला हसणार. तेही माझ्याच्यानं सहन होणार नाही. बघितलंस, कसं अडकवलंस ते! मजा येते ना तुला?"

तिनं नळ असा बंद केला की आतला वायसर गेला. तो अजून गळतो आहे.

त्या दिवशी मामा जेवायला आला होता. मावशीनं ताटं मांडली आणि बॉम्ब टाकला. "आजपासून कापूस बंद."

मामाचा घास हातातच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे ज्याचं दुखेल त्यानं रांगेत उभं राहायचं."

"अगं, पण आम्ही काय कोणी परके आहोत?"

"तेच ना. परके असतात तर आधीपासूनच रांगेत असतात."

"हे त्या ड्रायव्हरच्या शपथेवरून सुचलंय तुला," मामा म्हणाला. "हे बघ ताई, खाई त्याला खवखवे. तू काय खाल्लंस? लाडू नाही, पेढा नाही, आमच्यासाठी जरा दार उघडलंस. आणि एवढंच टोचतंय तर जाऊ नको मोर्चाला! सुंठीवाचून खोकला गेला."

"म्हणजे तिकडं दरोडा पडू दे, आणि मी भुरटी म्हणून तोंड मिटून बसू?"

"भुरटी!" मामानं हात झटकला. "स्वतःच्या भावाला दवाखान्यात नेलं तर भुरटी? अशानं उद्या आईच्या पोटी जन्म घेतला म्हणून माफी मागशील."

भाचीची आई इतका वेळ गप्प होती. तिची सवयच ती. मावशी बोलते ते सगळं आई साठवते आणि मग एकाच वाक्यात परत करते. "ताई," ती म्हणाली, "आयजीच्या जिवावर बायजी उदार. मोर्चा तुझा, शपथ तुझी, देव तुझा. डोळा मात्र माझा घेतेस."

पंखा कुरकुरला.

"पुढच्या आठवड्यात मी तुला घेऊन रांगेत उभी राहते," मावशी म्हणाली.

"तू?" भाची फस्सकन हसली. "तू रांगेत? अगं, तू सिनेमाच्या रांगेत पण पुढच्याच्या खांद्यावरून हात घालतेस. अर्ध्या तासात तुझ्या तोंडून 'कापूस' निघाला नाही तर नाव बदलीन मी."

"लाव पैज."

"लावली. आईला घेऊन डॉक्टरांच्या टेबलापर्यंत रांगेतून पोचलीस, तर आयुष्यात तुझी नक्कल करणार नाही. पण मध्येच ढेपाळलीस, तर आईसाठी बाजूचं दार उघडायचं. आईसाठी फक्त. शेवटचं."

मावशीनं भाचीकडं बघितलं. पैज कशासाठी लागली आहे ते तिला कळलं होतं. भाचीला नक्कल हवी होती, पण त्याहून जास्त तिला आईचा डोळा हवा होता. "बरं," मावशी म्हणाली. "उष्ट्या हातानं नको. हात धुऊन ये."

मोर्चाच्या दिवशी मावशीनं रीतसर रजा टाकली. तिचा बेत साधा होता: सकाळी रांग लावायची, बहिणीला दाखवायचं, आणि शपथ सुरू व्हायच्या आत फाटकावर पोचून म्हणायचं की खाल्लं होतं, आता बंद केलं. बेत चांगला होता. फक्त त्यात रांगेचा विचार नव्हता.

तिच्या जागी स्टुलावर एक बदलीवाली होती. तिला मावशीनंच शिकवलं होतं, आणि शिष्या गुरूच्या वर निघाली होती. "ओ! रेषेच्या मागं! भिंत सरकारी आहे!" मग तिनं ओळखलं. "अय्या बाई, तुम्ही? इथं काय करताय? या ना, आत या!"

"मी रांगेत आहे," मावशी दात आवळून म्हणाली.

रांगेची मान एकदम वळली. मागचा, डोळ्यावर रुमाल धरलेला माणूस म्हणाला, "हो का? आज रांगेत? ओ थांबाबाई, पिशवी जरा अलीकडं. घर आहे का तुमचं?"

आख्खी रांग हसली. त्या हसण्यात माया अजिबात नव्हती. पुढची एक म्हातारी वळून म्हणाली, "टेकू नका हो भिंतीला. सरकारी आहे." मावशी टेकली नव्हतीच. तरी ती सरळ झाली.

"मजा येतेय?" भाचीनं विचारलं.

"गप."

"पाय दुखतायत?"

"गप म्हटलं ना!"

डॉक्टर जागेवर नव्हते. बदलीवाली कुणी विचारलं की म्हणायची, "डॉक्टर राउंडला गेलेत." राउंड म्हणजे कॅन्टीनमधला चहा, हे त्या रांगेत फक्त मावशीला माहीत होतं, आणि ते तिला सांगता येत नव्हतं, कारण हे वाक्य तिचंच होतं. भाचीनं तिचं तोंड उघडताना आणि मिटताना पाहिलं. मासा करतो तसं.

भिंतीपलीकडे घोषणा सुरू झाल्या. मग कॉरिडॉरच्या खिडकीत, गजांच्या बाहेर, ड्रायव्हरचं डोकं उगवलं. "अहो बाई! इथं काय करताय? फाटकावर चला! शपथ सुरू होतेय, तुमच्यासाठी पहिली ओळ ठेवलीय!"

"येते. एवढं दाखवून झालं की."

"दाखवायचं काय, मागनं दाखवा! चला!"

"रांग सोडली की नंबर जातो."

"कोण म्हणतं?"

"मी," मावशी म्हणाली. "रोज."

रांग पुन्हा खिदळली. ड्रायव्हरनं गज धरले. "बैठकीत गळा काढून ओरडत होतात. आता ऐन वेळेला रांग? साहेबांनी काही दिलंबिलं तर नाही ना?"

फ्रीजचा जन्म तिथं झाला. त्या खिडकीत.

"तोंड सांभाळा!" मावशी कडाडली. पण ड्रायव्हरची मान फाटकाकडं वळली होती. घोषणा थांबल्या. म्हणजे शपथ सुरू होणार होती. मावशीनं खिडकीकडं पाहिलं, डॉक्टरांच्या बंद दाराकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं. बहीण रुमालानं उजवा डोळा टिपत होती आणि मुद्दाम दुसरीकडं बघत होती.

भाचीला वाटलं, आता हिला एवढासा धक्का पुरे. तिनं डावा खांदा वर काढला, घसा साफ केला, आणि मावशीच्या आवाजात, नाकातून, खणखणीत:

"सिस्टर, कापूस आला!"

बाजूचं दार लगेच उघडलं. सिस्टरनं न बघताच हात हलवला. "या या, पटकन! आज कोण? डॉक्टर चहा संपवून आलेत, मागच्या दारानं येऊन बसलेत!"

रांगेतल्या प्रत्येकानं ते दार पाहिलं, आतलं टेबल पाहिलं, टेबलामागे बसलेले डॉक्टर पाहिले. आईनं एक पाऊल उचललं. फक्त एक. त्या पावलात सगळं होतं: धुकं, भीती, आणि मोठ्या बहिणीवरचा सगळा राग.

"थां-बा!"

आई थांबली. रांग थांबली. खिडकीतला ड्रायव्हर थांबला. आत डॉक्टरांनीसुद्धा हातातलं पेन खाली ठेवलं.

मावशी रांगेसमोर आली. हात कुठं ठेवायचे ते तिला कळत नव्हतं. स्टूल मोकळं असतं तर तिनं पाय तरी ठेवला असता. "आवाज मी काढला नाही," ती म्हणाली, "पण आवाज माझाच आहे. हे दार मी चालवते. कापूस म्हणजे माझी माणसं. माझा भाऊ, भावजय, ही बहीण, ही कार्टी. तुम्ही उभे असताना मी त्यांना इथून आत सोडायचे आणि तुम्हाला सांगायचे, उद्या या. सिस्टरला बोलू नका. ती माझ्या भरवशावर दार उघडायची."

"बाई!" सिस्टर आतून किंचाळली. "स्वतः मरा, मला कशाला घेता!" आणि दार धाडकन बंद झालं.

भाचीला वाटलं होतं, आता कुणीतरी म्हणेल, जाऊ द्या बाई, मन मोठं आहे तुमचं. असं पुस्तकात होतं. रुमालवाला म्हणाला, "मग आता काय करायचं आम्ही? टाळ्या वाजवू?"

"मोर्चा आहे ना आज, म्हणून सुचलंय," म्हातारी म्हणाली. "उद्या परत स्टुलावर."

"गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याला तीनदा परत पाठवलं हिनं!"

"हिला मागं पाठवा! शेवटी उभी करा!"

"शेवटी! शेवटी!"

बदलीवालीनं घाबरून मावशीकडं पाहिलं. मावशी म्हणाली, "बघतेस काय? रांग म्हणते शेवटी, तर शेवटी." तिनं बहिणीचा हात धरला. बहिणीनं तो सोडवून घेतला. दोघी चालत रांगेच्या टोकाला, पार जिन्याजवळ, जिथं वॉर्डबॉय झोपतो तिथं जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरचं डोकं खिडकीतून नाहीसं झालं होतं. भिंतीपलीकडे एकेक जण शपथ घेत होता, आणि चादरीवाल्या आयाचा आवाज सगळ्यात स्वच्छ ऐकू येत होता: "कधी कुणाचा हक्क खाल्लेला नाही!"

रांग गोगलगाईसारखी सरकली. त्यांच्यापुढं अजून चारदोन माणसं होती तेव्हा बदलीवालीनं दार ओढून घेतलं आणि गुरूच्याच चालीत म्हणाली, "बंद! उद्या या."

आईला पट्टीवाल्या बाईबद्दल काहीच माहीत नव्हतं. ती फक्त दमली होती. ती बदलीवालीला म्हणाली, "उद्याही मीच का?"

मावशी जिन्याच्या पायरीवर खाली बसली. पायरीही सरकारी होती. तिनं वर पाहिलं, जिथं नळ नव्हता तिथं, आणि ओठ न हलवता काहीतरी म्हणाली. तेवढं एक भाचीला ऐकू आलं नाही.

मग ती उठून फाटकावर गेली. मोर्चा अजून बसलेला होता. ड्रायव्हर समोर आला. "झाली का रांग? घ्या, शपथ घ्या आणि बसा."

"शपथ मला घेता येणार नाही. मी खाल्लंय. आज बंद केलं. एवढ्यावर चालत असेल तर बसते."

"हे बोलायची ही वेळ आहे का बाई?" ड्रायव्हर दबक्या आवाजात खेकसला. "साहेबांच्या हातात आयतं कोलीत! उद्या म्हणतील, हेच चोर, हेच मोर्चा काढतात!"

"म्हणू देत. खोटं काय आहे त्यात? भांडारवाला सुटतो का त्यानं?"

"मागं बसा. पार मागं. फलक धरू नका. आणि तोंड उघडू नका."

"मागं बसायची प्रॅक्टिस सकाळपासून झालीय," मावशी म्हणाली आणि पार मागं जाऊन बसली. तोंड उघडायचं नाही हे मात्र तिला जमलं नाही. घोषणा तिच्याइतक्या मोठ्यानं कुणीच दिल्या नाहीत. भांडारवाल्यानं खिडकी लावून घेतली ती तिच्या आवाजानं, असं निदान भाची तरी मानते.

मोर्चाचं पुढं काय झालं? चौकशी बसली. चौकशी एकदा बसली की लवकर उठत नाही. औषधचोरांविरुद्ध मोर्चा निघाला आणि पहिली कारवाई झाली ती थांबाबाईवर: तिला दारावरून काढून धुलाई विभागात टाकलं, चादरी मोजायला. चादरीवाली आया तेव्हापासून तिच्याशी बोलत नाही. आणि भांडारवाला अजून खिडकीतच आहे. कामगार रोज दुपारी फाटकावर बसतात, मावशी सगळ्यात मागं बसते, आणि रस्त्यानं जाणारे एकमेकांना कोपरानं ढोसून म्हणतात, ती बघ, फ्रीजवाली.

पण ते नंतरचं. मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी, आईशी एक शब्दही न बोलता, किंवा खरं तर आई तिच्याशी एक शब्दही बोलत नसताना, मावशी तिला घेऊन पुन्हा रांगेत उभी राहिली. रुमालवाला पुन्हा तिथं होता, थेंबांसाठी. त्यानं पुन्हा टोमणा मारला. तिनं तो गिळला. बाजूचं दार बंद होतं. सिस्टरनं त्याला आतून कपाट लावलं होतं. रांग सरकत सरकत दाराशी आली, बदलीवाली मान खाली घालून म्हणाली, "जा," आणि दोघी टेबलापर्यंत पोचल्या. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड मारला, मोतीबिंदू आहे म्हणाले, ऑपरेशनची लांबची तारीख दिली. "थोडं आधी आला असतात तर बरं झालं असतं. पण उशीर झालेला नाही."

आई उठताना धडपडली आणि आधाराला तिनं मावशीचा हात धरला. पकडलाच आहे म्हणून सोडला नाही. बोलली नाही ती नाहीच.

बाहेर येऊन मावशीनं भाचीकडं बघितलं. "बोल."

भाचीनं तोंड उघडलं. "ओ टोपी..." एवढंच आलं, आणि ती थांबली. पैज म्हणजे पैज.

नक्कल बंद झाल्याला आता बरेच दिवस झाले. मामा कंटाळला आहे. लिहायचं नाही असं मात्र पैजेत कुठंच ठरलं नव्हतं. परवा मावशी भांडी घासता घासता म्हणाली, "काय खरडतेस एवढं? वाच बघू मोठ्यानं."

भाचीनं वाचून दाखवलं. 'थांबा'सुद्धा तिनं बातम्या वाचतात तसं वाचलं, सपाट, खांदा खाली ठेवून.

मावशीनं अर्ध्यातच नळ बंद केला. "हे काय मेल्यासारखं वाचतेस? मी अशी बोलते का?"

"पैज हरले आहे मी," भाची म्हणाली.

मावशी गळक्या नळाकडं बघत बसली. मग म्हणाली, "एकदा 'भिंत' तेवढं नीट म्हण."

भाची म्हणाली नाही.